एकोणसाठ मेलेले आणि सॉसेज आणायला गेलेली एक

झालेसिनच्या स्पीडवे मैदानावरचा, म्हणजे मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या मैदानावरचा, पहिल्या वळणाचा स्टँड परक्या माणसाला निम्म्याहून जास्त रिकामा दिसतो. तो रिकामा नाही. त्यातली एकूण एक जागा घेतलेली आहे. घेणारे बहुतेक मेलेले आहेत, एवढंच.

ही पद्धत कायेतान खाटकापासून सुरू झाली. तो १९७४ साली एका मंगळवारी गेला आणि येणाऱ्या रविवारी त्याच्या जागेवर उभं राहायला कुणी धजेना. जिवंतपणी त्या जागेवरून त्याने दोघांना ढकलून दिलं होतं, मेल्यावर काय करेल याचा नेम नव्हता. मग एडमुंड पोस्टमन गेला. कायेतानची जागा राखायची आणि एडमुंडची नाही, असं केलं असतं तर एडमुंडच्या विधवेने क्लबला काडी लावली असती. म्हणून त्याचीही राखली. मग वीटभट्टीवरचे दोघे भाऊ गेले, तेही राखले. पन्नास वर्षांत माणसं जात राहिली आणि स्टँड भरत गेला.

या सगळ्याची वही वालेंती मिझेराकडे असे. वय सत्त्याहत्तर, आयुष्यभर कुलपं दुरुस्त केलेली, बोलणं बेताचं. एका इंजिनियरने स्टँडला पाटी ठोकली होती की याच्यावर शहाण्णव माणसांहून जास्त चढू नयेत, त्यामुळे वहीत शहाण्णव चौकोन होते. छत्तीस जिवंत, त्यात वालेंती स्वतः. एकोणसाठ मेलेले. आणि तिसऱ्या रांगेत, वालेंतीच्या अगदी डाव्या हाताला, एक होनोराता.

होनोराता म्हणजे वालेंतीची बायको. ती मेलेली नव्हती. ठणठणीत होती आणि दर रविवारी घरी कोंबडीच्या सुपात घालायच्या शेवया स्वतः कापत होती. १९९८च्या जूनमध्ये, सहावी शर्यत संपल्यावर, ती सॉसेज घेऊन येते म्हणून खाली उतरली ती पुन्हा स्टँडवर आली नाही. संध्याकाळी वालेंतीला ती घरी सापडली. सॉसेज खाऊन झालं होतं. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. वहीत तिच्या चौकोनात त्याने पेन्सिलने लिहिलं, ‘सॉसेज आणायला गेली आहे’. ते लिहिलेलं अजून तसंच होतं.

मे महिन्यात नगरपालिकेच्या क्रीडा समितीचं पत्र आलं. पत्राचा अर्थ असा होता की झालेसिनच्या पिओरून क्लबच्या प्रेक्षकांचं सरासरी वय एकाहत्तर आहे, आणि जो खेळ फक्त एकाहत्तर वर्षांची माणसं पाहतात त्याच्यासाठी गावाच्या मधोमध एवढी जमीन अडवून ठेवणं समितीला पटत नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या सामन्याला पंधरा वर्षांखालची साठ मुलं स्टँडवर उभी दिसली तर ट्रॅक राहील. नाही दिसली तर शरद ऋतूत ट्रॅक उखडून तिथे फुटबॉलसाठी प्लास्टिकचं गवत घालतील.

क्लबच्या खोलीत सगळे जमले. प्लास्टिकचं गवत हा शब्द ऐकून गेरार्डने, जो नव्वदीचा होता, टोपी काढली आणि पुन्हा घातली.

“पोरं यायलाच हवीत,” तेओफिल म्हणाला. तेओफिल निवृत्त नळवाला होता आणि कशालाही आधी होकार देत असे.

“यायलाच हवीत,” सगळे म्हणाले.

“माझ्या शेजारी मात्र नको,” तेओफिल लगेच म्हणाला. “माझ्या बाजूला एडमुंड आहे, खालच्या पायरीवर वीटभट्टीवाले.”

“माझ्याकडेही जागा नाही. समोर कायेतान.”

“समोरच्या सरळ पट्ट्यावरचा स्टँड उघडा की.”

“तो २०११ साली पडला.”

“कुणी सांगितलं नाही.”

“तू त्यावर उभा होतास.”

पोरं आणायचं काम बोग्नाकडे होतं. बोग्ना चोवीस वर्षांची होती आणि क्लबचा अख्खा प्रचार विभाग तीच होती; हाताखाली एक शिडी आणि गोंदाची एक बादली. एप्रिलमध्ये तिने शाळेत स्पीडवेचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. फाबियान नावाचा क्लबचा पहिल्या नंबरचा स्वार मोटरसायकल घेऊन शाळेच्या अंगणात गेला. स्पीडवेच्या मोटरसायकलला ब्रेक नसतात आणि ती फक्त डावीकडे वळते, हे झालेसिनमध्ये तान्ह्या मुलालाही ठाऊक आहे, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शाळेचं फाटक उजवीकडे होतं. फाबियान मुख्याध्यापिकाबाईंच्या गुलाबाच्या वाफ्याभोवती टाकीतलं इंधन संपेपर्यंत फिरत राहिला. शेवटी शेवटी वाफा नव्हता. मुलांना प्रात्यक्षिक फार आवडलं. त्याच दिवशी साठ जणांनी नावं दिली.

त्यातली आठ मुलं बोग्नाने आधीच्या रविवारी चाचणी म्हणून स्टँडवर आणली. वालेंतीने ते सगळं आपल्या जागेवरून पाहिलं. पुढे एक दहा वर्षांची मुलगी होती, कालिना नावाची, दोन वेण्या आणि प्रश्न विचारायची सवय असलेली. ती एका मोकळ्या जागी उभी राहिली.

“इथे माणूस आहे,” तेओफिल म्हणाला.

“कुठाय?”

“हा काय. एडमुंड.”

“मला दिसत नाही.”

“अठ्ठ्याऐंशी साली गेला तो.”

“मग परत कधी येणारेय?”

तेओफिलने नुसतं खालच्या पायरीकडे बोट दाखवलं. मुलगी एक पायरी खाली सरकली. तिथे वीटभट्टीवाले होते. आणखी खाली सरकली तर तिथे एक दातांचा डॉक्टर होता, तो २००३ साली गेलेला. अशी आठही मुलं मेलेल्यांना धक्का न लावता पायरी पायरीने खाली उतरत गेली आणि तिसऱ्या शर्यतीपर्यंत मैदानाबाहेर पोहोचली. बाहेर त्यांनी सूर्यफुलाच्या बिया खाल्ल्या आणि घरी गेली.

मंगळवारी बोग्ना वालेंतीच्या घरी आली. होनोराताने तिच्यासमोर खसखशीचा केक ठेवला आणि स्वतः ओट्याशी बटाटे सोलत उभी राहिली.

“वालेंतीकाका, मेलेल्यांना हलवायचं नाही,” बोग्ना म्हणाली. “मला मान्य आहे.”

“बरं.”

“पण आपल्या खेळात बदलीचा नियम आहे ना? स्वार जखमी झाला तर त्याच्या वाट्याच्या शर्यती दुसरे चालवतात. नाव कागदावर त्याचंच राहतं.”

“डॉक्टरचा दाखला लागतो,” वालेंती म्हणाला. नियमाची गोष्ट निघाली की तो खुर्चीत सरळ बसत असे.

“दाखले आहेत.”

“कसले?”

“मृत्यूचे. एकोणसाठच्या एकोणसाठ. मी नगरपालिकेतून यादी आणली.”

वालेंतीने यादी पाहिली. शिक्का होता. त्याला त्यात खोट सापडेना.

“बदली माणसाने मूळ माणसाचंच काम करायचं,” तो म्हणाला. “आपली अक्कल चालवायची नाही. एडमुंड रेफरीला शिव्या घालायचा. कायेतान माती उडाली तरी पाठ फिरवायचा नाही. हे सगळं यायला हवं.”

“लिहून द्या. मी पाठ करून घेते.”

“आणि दातांचा डॉक्टर वीटभट्टीवाल्यांशी बोलत नसे. एकोणऐंशीपासून.”

“तेही लिहा.”

होनोराताने बटाटा पातेल्यात टाकला. “साठ मुलं लागतात म्हणे. मेलेले किती?”

“एकोणसाठ,” बोग्ना म्हणाली.

मेलेल्यांच्या जागा धरल्या तरी भागत नाही, ही अडचण क्लबातही निघाली होती. वालेंतीने तीनदा मोजलं होतं. गावात एक माणूस कमी मेला होता. तेव्हा सगळ्यांची नजर नकळत गेरार्डकडे गेली होती आणि गेरार्ड म्हणाला होता, “रविवारपर्यंत जमेलसं वाटत नाही. पण मी बघतो.”

बोग्नाने केकचा तुकडा मोडला आणि आवाज खाली आणला. “काका, वहीत साठावी जागा आहे. तुमच्या शेजारची.”

“ती मोकळी नाही.”

“काकूंची आहे, मला माहितीये. पण काकू तर...”

“ती सॉसेज आणायला गेली आहे,” वालेंती म्हणाला आणि वही मिटली.

होनोराताची पाठ त्यांच्याकडे होती. तिच्या सालं काढण्याचा आवाज क्षणभर थांबला, की वालेंतीला तसं वाटलं, कोण जाणे. बोग्ना जाताना म्हणाली की साठावी मुलगी ती तरीही आणणार. तिचं नाव लुद्विका, वय आठ, आणि तिला नको म्हणण्याची ताकद आपल्यात नाही.

रविवारी चार वाजता सामना. साडेतीनला मुलं रांगेने आली. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी होती. तिच्यावर मेलेल्याचं नाव, गेल्याचं साल आणि खाली बारीक अक्षरात सवयी. म्हाताऱ्यांनी आपापले मेलेले नावं वाचून ताब्यात घेतले. मग तेओफिलने शेजारी उभ्या राहिलेल्या कालिनाला आपादमस्तक न्याहाळलं.

“एडमुंड असा उभा राहत नसे. एक खांदा खाली. बॅगेमुळे.”

कालिनाने खांदा खाली केला.

“आता ठीक. काय एडमुंड, बरा आहेस?”

“पाय दुखतात,” कालिना म्हणाली. ते पाटीवर लिहिलं होतं.

तेओफिल छत्तीस वर्षांनी एडमुंडशी बोलला आणि त्यानंतर त्याचं तोंड बंद झालं नाही.

चौघे स्वार सुरुवातीच्या आडव्या फितीपाशी आले. इंजिनांचा आवाज वाढला, फीत वर उडाली, आणि चारही मोटरसायकली मागची चाकं आडवी फेकत पहिल्या वळणात घुसल्या. झालेसिनची ओली, काळसर माती कुंपणावरून स्टँडवर आली. जिवंत माणसांनी सवयीने पाठी फिरवल्या. कायेतान खाटकाची पाटी घातलेला इव्हो नावाचा नऊ वर्षांचा मुलगा पाठ न फिरवता उभा राहिला. त्याच्या तोंडात, नाकात, एका कानात माती गेली. तो थुंकला आणि म्हणाला, “अजून.” मागच्या रांगेतल्या दोघांनी, ज्यांना कायेतानने एके काळी ढकललं होतं, आपणहून अर्धं पाऊल मागे घेतलं.

दुसऱ्या शर्यतीत रेफरीने फाबियानला फितीला हात लागला म्हणून बाद केलं. कालिना कठड्यावर वाकली.

“रेफरी,” ती शांतपणे ओरडली, “तुमचं चष्म्याचं पार्सल आलंय. घरी कुणी नव्हतं म्हणून परत पाठवलं.”

स्टँडवर असा हशा १९८८ नंतर झाला नव्हता. खाली दातांच्या डॉक्टरच्या बदली आलेला मुलगा आणि वीटभट्टीवाल्या भावांच्या जागी आलेल्या जुळ्या बहिणी एकमेकांशी बोलत नव्हती. बिया हव्या असल्या की तिसऱ्यामार्फत मागत होती. त्यांनी शाळेतही हे पाळायचं ठरवलं होतं. भांडण कशावरून, हे मुलाने वालेंतीला येऊन विचारलं. वालेंतीने सांगितलं, ते डॉक्टरलाही आठवत नव्हतं. मुलगा समाधानाने परत गेला.

समितीकडून एक बाई आली होती. राखाडी कोट, हातात बोटाने दाबून मोजायचं यंत्र. ती म्हणाली की दहाव्या शर्यतीनंतर ट्रॅक्टर माती सारखी करायला फिरतो, तेव्हा ती मोजेल, आणि मोजेल ते एकदाच. आणि स्टँडवर शहाण्णवच्या वर एकही डोकं दिसलं तर ती आधी इंजिनियरला फोन करेल.

सहावी शर्यत संपली तेव्हा बोग्ना पायऱ्या चढून वालेंतीपाशी आली. तिच्याबरोबर लुद्विका होती. आठ वर्षांची, डोक्यावर मोठ्या भावाचं हेल्मेट, गळ्यात कोरी पाटी.

“एकोणसाठ झाले, काका.”

“मोजलं मी.”

“मग?”

वालेंतीने डाव्या हाताच्या जागेकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. सव्वीस वर्षं तिथे काही नव्हतं, आणि तरी तिथे कुणी उभं राहिलेलं त्याला कल्पनेतही दिसेना. सगळा स्टँड त्याच्याकडे पाहत होता, मेलेल्यांसकट.

“मला काय शिकायचंय?” लुद्विकाने विचारलं. “मी कुणाची बदली?”

“थांब जरा,” वालेंती म्हणाला आणि त्याने मोठ्या आकड्यांचा फोन काढून घरचा नंबर लावला.

“काय रे, वालेक? हरलात?” होनोराताने विचारलं.

“अजून नाही. होनोराता, तुला एक विचारायचं होतं. तुझी जागा एका पोरीला दिली तर चालेल का?”

“कसली जागा?”

“स्टँडवरची.”

पलीकडे पाण्याचा नळ बंद झाला. “माझी जागा तू अजून ठेवली आहेस?”

“तू येते म्हणाली होतीस.”

“सव्वीस वर्षं झाली.”

“वेळ सांगितली नव्हतीस.”

सातव्या शर्यतीतल्या मोटरसायकली वळणावरून गेल्या आणि फोनवर माती पडली.

“त्या दिवशी दुकानावर मोठी रांग होती,” होनोराता म्हणाली. “मी खालून तुला दोनदा हाक मारली. मोहरीचा सॉस हवा की नको, विचारायला. तू शर्यतींच्या प्रोग्रॅमच्या कागदावर गुण लिहीत होतास. मान वर केली नाहीस. म्हटलं, याला कुणी शेजारी असलं काय अन् नसलं काय.”

“हवा होता,” वालेंती म्हणाला.

“काय?”

“सॉस.”

“गाढव आहेस तू,” होनोराता म्हणाली. “ती जागा कुणाला द्यायची नाही. मी येतेय.” आणि फोन ठेवला.

वालेंतीने फोन खिशात घातला. “ती येतेय,” त्याने सांगितलं.

बोग्ना मटकन पायरीवर बसली. “काका, तुम्ही जागा मागायला फोन केला होता.”

“हो.”

“आणि आता जागा एक आणि माणसं दोन.”

“हो,” वालेंती म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर बोग्नाने याआधी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. नीट निरखल्यावर ते हसू आहे असं तिला आढळलं.

नवव्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत होनोराता फाटकातून सायकलवरून आत आली. पायात सपाता, कोटाखाली एप्रन. सायकल तिने समितीच्या बाईला धरायला दिली, सगळ्यांदेखत तीन रांगा चढली आणि आपल्या जागेवर येऊन उभी राहिली. जागा किती रुंद होती हे तिला अजून ठाऊक होतं.

“इथून ऊन डोळ्यांवर येतं, अजूनही,” ती म्हणाली.

“स्टँड हलवता आला नाही,” वालेंती म्हणाला.

खाली दहावी शर्यत सुरू झाली. ती एक मिनिटाहून थोडी जास्त चालते, तेवढाच वेळ उरला होता. वालेंतीने डोकी मोजली. सत्त्याण्णव. पुन्हा मोजली. मग त्याने हातातला प्रोग्रॅम घडी न मोडता लुद्विकाला दिला, पेनाचं टोपण काढून पेन दिलं, आणि तिच्या कोऱ्या पाटीवर आपलं नाव लिहिलं. सालाच्या जागी काही लिहिलं नाही.

“पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा,” तो म्हणाला. “बाद केला तर इंग्रजी डब्ल्यूसारखी खूण. आणि ही माझी बायको खालून काही विचारत असली तर मान वर करायची.”

“मरायला लागेल का तुम्हाला?” लुद्विकाने विचारलं.

“नाही. मी पाहुण्यांच्या कोपऱ्यात जातो.”

होनोराताने त्याच्या कॉलरवरची माती झटकली, आणि तो उतरायला लागला. पंचावन्न वर्षांत तो शर्यती चालू असताना कधी या पायऱ्या उतरला नव्हता. गेरार्डने पुन्हा टोपी काढली.

ट्रॅक्टर मातीवर निघाला तेव्हा वालेंती ट्रॅकला वळसा घालून चौथ्या वळणापाशी पोहोचला होता. तिथे तारेच्या मागे पाहुण्या संघाचे सोळा समर्थक होते, सगळे निळे मफलर घातलेले. त्याच्या गळ्यातला लाल मफलर पाहून त्यांनी आपसांत पाहिलं, पण माणूस म्हातारा आणि एकटा होता, म्हणून कुणी काही म्हणालं नाही. समोर, मैदानाच्या पलीकडे, राखाडी कोट एका हाताने सायकल धरून रांगेरांगेने सरकत होता. या अंतरावरून यंत्राची टिकटिक ऐकू येणं शक्य नव्हतं. वालेंतीने ती ऐकली. तिसऱ्या रांगेपाशी कोट थांबला, मग पुढे झाला, वरच्या रांगेपर्यंत गेला. तेव्हा मोजणीपुरती खाली थांबलेली बोग्ना दोन्ही हात हवेत फिरवत धावत वर आली आणि कायेतान खाटकाला उचलून गोल फिरवू लागली. कायेतानला ते आवडलेलं दिसत नव्हतं.

म्हणजे साठ.

अकराव्या शर्यतीत मोटरसायकली या बाजूने येताना त्याला पहिल्यांदा समोरून दिसल्या. वालेंतीला त्यांची फक्त मागची चाकं माहीत होती. पुढून त्या जास्त घाबरलेल्या वाटत होत्या. पलीकडे काळी माती उडाली, स्टँड भरगच्च होता, आणि सगळ्या पाठी एकदम फिरल्या, लहान आणि मोठ्या. एक छोटं हेल्मेट मात्र कागदावर झुकलेलं राहिलं. शेजारची उंच बाई त्यावर वाकली, बोटाने कागदावर काहीतरी दाखवू लागली. हेल्मेटने मान वर केली. दोघी बराच वेळ बोलत होत्या.

“तिकडे कोण आहे तुमचं?” शेजारच्या निळ्या मफलरवाल्याने विचारलं. मघापासून तो वालेंतीची नजर कुठे जाते ते पाहत होता.

“ती उंच दिसते ना, ती माझी बायको.”

“आणि तिच्या बाजूची पोरगी? नात का?”

“नाही,” वालेंती म्हणाला. “तो मी.”

निळ्या मफलरवाल्याने तिकडे पाहिलं, याच्याकडे पाहिलं, पुन्हा तिकडे पाहिलं.

“गुण बरोबर लिहिता का?” त्याने विचारलं.

“आत्ता एक चुकलो,” वालेंती म्हणाला. “बायको सांगतेय.”